बाबांच्या सीपॅप मशीनमधला पूर्ण डेटा घरी कसा बघायचा?

मोगरा_ठाणे | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

आम्ही ठाण्यात कोलशेतला राहतो. बाबा ६९ वर्षांचे आहेत. मार्चमध्ये त्यांची स्लीप स्टडी झाली आणि एएचआय ३८ आला, म्हणजे झोपेत तासाला सरासरी ३८ वेळा श्वास थांबत होता किंवा अर्धामुर्धा होत होता. डॉक्टरांनी ऑटो सीपॅप सांगितलं, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबानं हवा देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन, प्रेशर ६ ते १४. एअरसेन्स १० घेतलं, फुल फेस मास्क. पाच महिने झाले, एकही रात्र चुकलेली नाही.

मशीनच्या पडद्यावर रोज सकाळी एएचआय ३ ते ५ च्या मध्ये दिसतो. मास्क नीट बसल्याचा हसरा चेहराही दिसतो. पण बाबांकडे बघून ते खरं वाटत नाही. सकाळी तोंड कोरडं पडलेलं असतं. अकराच्या सुमाराला पेपर हातात असतानाच मान खाली जाते. गेल्या आठवड्यात रिक्षात बसल्या बसल्या झोपले आणि मानपाडा मागे पडल्यावर रिक्षावाल्यानं उठवलं.

ज्यांच्याकडून मशीन घेतलं त्यांना फोन केला तर म्हणाले, "रीडिंग उत्तम आहे, वयामुळे होतं." डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनी आहे. तिथे रिकाम्या हातानं जायचं नाहीये मला. हे मशीन रात्रभर प्रत्येक श्वासाची नोंद ठेवतं असं वाचलं. ती नोंद आपल्याला बघता येते का? कुणी बघितली आहे का?

पारसिक | रविवार, रात्री १०.१५

येते, आणि फुकटात येते. मी तीन वर्षं बघतोय.

आधी एक करा. मशीनच्या डाव्या बाजूला एक छोटं झाकण आहे, ते उघडा. आत एसडी कार्ड आहे का बघा आणि इथे सांगा. बाकीचं त्यानंतर.

मोगरा_ठाणे | रविवार, रात्री १०.३२

रिकामं आहे!

आता आठवलं. एप्रिलमध्ये विक्रेत्याचा माणूस "रिपोर्ट काढून आणतो" म्हणून काहीतरी काढून घेऊन गेला होता. रिपोर्ट म्हणून एका पानाचा कागद मिळाला. कार्ड परत आलंच नाही, आणि ते महत्त्वाचं असतं हे आम्हाला माहीतच नव्हतं.

पारसिक | रविवार, रात्री ११.२०

वाटलंच होतं. मग गेल्या चार महिन्यांचं बारीक वाचन, म्हणजे श्वासाश्वासाची नोंद, गेली असं धरून चाला. वाईट वाटेल, पण आत्ताच कळलेलं बरं. मशीनच्या पोटात फक्त रोजचा गोषवारा राहतो: किती तास, एएचआय किती, लीक (मास्कच्या कडेनं निसटणारी हवा) साधारण किती. श्वासाचा आलेख कार्डावरच लिहिला जातो, आणि त्या रात्री कार्ड आत नसेल तर तो कुठेच राहत नाही.

उद्या साधं पूर्ण आकाराचं एसडी कार्ड आणा, ३२ जीबी किंवा त्याहून कमी क्षमतेचं. मोठं घेऊ नका, काही मशीन ते ओळखत नाहीत. गोखले रोडवर किंवा स्टेशनजवळ मोबाइलच्या सामानाच्या दुकानात मिळेल. हल्लीच्या लॅपटॉपला खाच नसते, म्हणून कार्ड रीडरही लागेल. कार्ड मशीनमध्ये घातलं की मशीन आपलं आपण फोल्डर तयार करतं. तुम्ही काहीच करायचं नाही.

दोन-तीन रात्री झाल्या की सकाळी मशीन थांबलेलं असताना कार्ड काढा. लॅपटॉपला लावायच्या आधी कार्डाच्या कडेची छोटी पट्टी लॉकच्या बाजूला सरकवा. लॅपटॉपला कुठल्याही कार्डावर आपल्या लपलेल्या फाइल टाकायची सवय असते, आणि त्यामुळे पुढे मशीन कुरकुर करू शकतं. परत मशीनमध्ये घालताना पट्टी आठवणीनं उघडी करा. विसरलात तर मशीन कार्ड फक्त वाचता येतंय असा निरोप दाखवेल. तो निरोप दुर्लक्षून झोपलात तर त्या रात्रीचं बारीक वाचन लिहिलं जाणार नाही.

आता लॅपटॉपवर काय लागतं ते. ऑस्कर नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो. मोबाइलवर नाही. याच्या आधी स्लीपीहेड नावाचा प्रोग्रॅम होता, एका ऑस्ट्रेलियन माणसानं लिहिलेला. तो बंद पडल्यावर २०१९ मध्ये ते वापरणाऱ्यांनीच त्याचा कोड घेऊन ऑस्कर पुढे चालू ठेवला. म्हणजे ज्यांच्या नाकावर मास्क आहे त्यांनीच जिवंत ठेवलेली गोष्ट आहे ही, आणि मला त्याचं फार मोल वाटतं. वाचन लॅपटॉपमध्येच राहतं, बाहेर कुठे जात नाही.

कार्ड उघडलंत तर डेटालॉग नावाचं फोल्डर दिसेल आणि त्यात तारखांची फोल्डरं. त्यातल्या फाइलना हात लावू नका, नावं बदलू नका. त्या ईडीएफ प्रकारच्या असतात. युरोपियन डेटा फॉरमॅट, १९९२ पासून झोपेच्या प्रयोगशाळांमध्ये वापरला जातो. श्वासाच्या प्रवाहाची नोंद सेकंदाला २५ वेळा होते. आठ तासांचे किती होतात बघा: ७ लाख २० हजार आकडे. आणि पडद्यावर तुम्हाला त्या सगळ्याचा एकच आकडा मिळतो, समजा ४.१.

तारखेचा एक घोळ सुरुवातीला सगळ्यांचा होतो. मशीनचा दिवस दुपारी १२ ला सुरू होऊन दुसऱ्या दुपारी १२ ला संपतो. त्यामुळे मंगळवारी पहाटे ३ ची घटना सोमवारच्या पानावर सापडेल.

घणसोलीकर_आबा | सोमवार, सकाळी ६.५०

मी ७४ वर्षांचा, नऊ वर्षं सीपॅपवर. स्पष्ट बोलतो, राग मानू नये.

मोगराताई, तुमची काळजी समजते. पण हे आलेख बघायला लागलं की माणसाचं स्वास्थ्य जातं. माझ्या धाकट्या भावाचं तसंच झालं. रोज सकाळी उठून आधी लॅपटॉप. काल २.८ होता, आज ५.१ का? मग दिवसभर चिंता आणि रात्री त्याच चिंतेनं झोप नाही. शेवटी वहिनीनं कार्ड काढून कपाटात ठेवलं. डॉक्टर शिकलेले असतात, त्यांना बघू द्या. तीन आठवडे काही फार नाहीत.

रातवा | सोमवार, दुपारी २.०५

नवी मुंबईत स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून अकरा वर्षं रात्रपाळी केली आहे. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

आबा, तुमचं म्हणणं मी टाळणार नाही. एका रात्रीच्या आकड्यावरून काहीही ठरवू नये. पण मोगराताईंचा प्रश्न आकड्याचा नाहीच. आकडा चांगला आहे आणि माणूस पेंगतोय. अशा वेळी नुसता गोषवारा बघून "छान आहे" म्हणणं ही चूक मी डोळ्यांदेखत अनेकदा होताना बघितली आहे. ओपीडीत एका पेशंटला दहा मिनिटं मिळतात. त्यात पूर्ण रात्र उलगडून बघायला वेळ कुणाला असतो? घरचं माणूस ती उलगडून, नेमकी जागा दाखवून समोर ठेवत असेल तर चांगला डॉक्टर आनंदानं बघतो.

मशीनचा एएचआय आणि लॅबमधला एएचआय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी पक्कं करा. लॅबमध्ये डोक्याला तारा असतात, बोटाला ऑक्सिजनचा क्लिप असतो. माणूस झोपलाय की जागा आहे ते कळतं, ऑक्सिजन किती उतरला ते कळतं. मशीनला यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याला फक्त हवेचा प्रवाह कळतो. १० सेकंद किंवा जास्त प्रवाह जवळजवळ बंद झाला की ते ॲप्निया लिहितं, बराच कमी झाला की हायपोप्निया. आणि त्या सगळ्याला मास्क लावलेल्या तासांनी भागतं, झोपेच्या तासांनी नाही.

हे शेवटचं वाक्य ताई, दोनदा वाचा. बाबा पाच तास मास्क लावून पुढचे दोन तास बिनमास्कचे झोपत असतील तर त्या दोन तासांत काय झालं ते मशीनच्या हिशेबातच नाही. एएचआय तरीही सुंदर दिसेल. पडद्यावर वापराचे तास किती दिसतात?

दुसरं, लीक. तुमच्या मशीनमध्ये मिनिटाला २४ लिटर ही रेघ महत्त्वाची. त्याच्या वर बराच वेळ गेलं की मशीनला श्वास नीट ऐकूच येत नाही, मग ते घटना काय मोजणार? जोराच्या पावसात पत्र्याखाली उभं राहून फोनवर बोलण्यासारखं आहे ते. हसरा चेहरा सगळ्या रात्रीचा मिळून असतो. रात्रीचा एखादा तुकडा खराब असला तरी तो हसू शकतो.

मोगरा_ठाणे | सोमवार, संध्याकाळी ७.३०

रातवादादा, वापराचे तास ४.७. काल ४.९, परवा ४.५. हा आकडा आम्ही रोज बघत होतो पण चार तासांच्या वर आहे म्हणून बरं समजत होतो. विक्रेत्यानंच सांगितलं होतं, चार तास झाले की पुरे.

बाबा तर साडेदहाला झोपून साडेसहाला उठतात.

कार्ड आणलं, घातलं.

ट्रान्सहार्बर | सोमवार, रात्री ११.४८

धागा वाचतोय, एक कळकळीची विनंती करायला लिहितो. बघा सगळं, पण प्रेशर स्वतः बदलू नका.

मी बदललं होतं. कोपरखैरणे ते ठाणे रोजचा प्रवास, ऑफिसात डोळे मिटायचे. ऑस्करमध्ये थोड्या घटना दिसत होत्या. युट्यूब बघून मशीनचा आतला मेनू उघडला आणि खालचं प्रेशर ७ चं ११ केलं. मला वाटलं, जास्त हवा म्हणजे घसा जास्त उघडा. पहिल्या दोन रात्री बरं वाटलं. मग घटना वाढायला लागल्या, ६, ९, १२. मी अजून वाढवलं. छातीत धडधडून जाग यायची.

डॉक्टरांनी आलेख बघून लगेच सांगितलं, की या घटना वेगळ्या जातीच्या आहेत. घसा उघडाच होता, पण मेंदूकडून श्वास घ्यायचा हुकूमच येत नव्हता. ऑस्करमध्ये त्या क्लिअर एअरवे म्हणून वेगळ्या रंगात दिसतात, पण मी फक्त एकूण बेरीज बघत बसलो होतो. प्रेशर परत खाली आणल्यावर निवळलं. तो महिना आठवला की अजूनही अस्वस्थ वाटतं, घरी दोन लहान मुलं होती माझ्या.

रातवा | मंगळवार, दुपारी १.३०

ट्रान्सहार्बर, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. हे नेहमी होतं असं नाही, पण होतं. थेरपीमुळेच उद्भवणारा सेंट्रल ॲप्निया हा माहीत असलेला प्रकार आहे, आणि बऱ्याच जणांत काही आठवड्यांत आपोआप कमीही होतो.

मशीन हा फरक कसा ओळखतं ते सांगतो, कारण ते खरंच सुंदर आहे. श्वास काही सेकंद थांबला की ते हवेची अगदी बारीक कंपनं आत पाठवतं. घसा मिटलेला असेल तर ती आदळून परत येतात, उघडा असेल तर आत जातात. बंद दारावर टकटक करून आत कुणी आहे का ते बघावं तसं. पण लीक मोठी असेल तर ही टकटकही फसते, आणि मग मशीन घटनेला कुठल्याच जातीत न घालता नुसती नोंद करतं. म्हणून आधी लीक बघायची, मग बाकीचं. कायम.

सायली_नेरूळ | मंगळवार, रात्री ९.१०

मॅक वापरणाऱ्यांसाठी: पट्टी लॉक करणं आपल्यासाठी जास्तच गरजेचं. मी दोनदा विसरले आणि मॅकनं कार्डावर आपलं सामान टाकलं. नंतर मशीननं कार्ड स्वीकारलंच नाही. आधीचं सगळं लॅपटॉपवर घेतलेलं होतं म्हणून वाचले. ऑस्कर आयात करताना मूळ फाइलींची प्रत ठेवतं, ती सोय बंद करू नका.

आणि इथे चित्र टाकणार असाल तर मशीनचा सिरियल नंबर आणि बाबांचं नाव झाकूनच टाका. ऑस्करमध्ये प्रोफाइलला खरं नाव द्यावंच लागतं असं नाही, मी आजोबांच्या प्रोफाइलला "बकुळ" नाव दिलंय. एफ १२ दाबलं की पानाचं चित्र साठवलं जातं.

स्लीप स्टडीचा पूर्ण रिपोर्टही मागून ठेवा, नुसतं पहिलं पान नको. इंडियन मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार पेशंटनं नोंदी मागितल्या तर डॉक्टरांनी ७२ तासांच्या आत द्यायच्या असतात. लेखी मागितलं की लवकर मिळतं, हा अनुभव.

मोगरा_ठाणे | शनिवार, दुपारी १२.२०

चार रात्रींचं वाचन मिळालं. हात थरथरत होते खरं सांगते. बाबांचा एकेक श्वास समोर रेघेसारखा वर खाली जाताना बघून मी काही वेळ नुसती बघतच राहिले. आई शेजारी येऊन बसली.

ऑस्करमध्ये आधी सगळ्यात वरच्या पट्ट्या बघितल्या, मशीन कधी चालू, कधी बंद. चारही रात्री साधारण सारखंच:

सोमवार १०.४२ ते ३.२२
मंगळवार १०.३५ ते ३.१०
बुधवार १०.५० ते ३.३१
गुरुवार १०.४० ते ३.१८

त्यानंतर काहीच नाही. कोरी जागा.

लीकचा आलेख पहिले दोन-अडीच तास तळाशी, मग एकच्या पुढे वर चढतो आणि ३५-४० वर डोंगर होतात. एएचआय ४.१, त्यात क्लिअर एअरवे फक्त ०.६. प्रेशर ९५ टक्के वेळ १०.८ च्या खाली.

सव्वातीनला रोज काय होतं?

पारसिक | शनिवार, दुपारी १२.४५

लाइट जात नाही ना त्या वेळी? आमच्याकडे इन्व्हर्टर बसवण्याआधी असंच तुटक दिसायचं. पण चार रात्री जवळजवळ त्याच वेळी, आणि नंतर परत सुरूच नाही, म्हणजे लाइट नसावी.

रातवा | शनिवार, दुपारी ३.१५

ताई, उत्तम काम केलंत. आता माझं मत, डॉक्टरांना दाखवायच्या आधीचं.

सव्वातीनला बाबा लघवीला उठत असावेत आणि नंतर मास्क परत लावत नसावेत. हे फार घरांत होतं. आणि त्याचं नुकसान तासांच्या हिशेबापेक्षा मोठं असतं, कारण स्वप्नांची झोप, म्हणजे रेम, रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. त्या झोपेत स्नायू सैल पडतात आणि बऱ्याच जणांचा ॲप्निया तेव्हाच सर्वांत वाईट असतो. म्हणजे बाबा रात्रीचा सोपा भाग मास्क लावून आणि अवघड भाग मास्कशिवाय काढतायत. दिवसा पेंग येणारच.

लीकबद्दल एक प्रश्न. बाबांना कवळी आहे का? आणि मास्क बसवून दिला तेव्हा ते बसलेले होते की आडवे?

मोगरा_ठाणे | शनिवार, रात्री १०.५०

वरची आणि खालची, दोन्ही कवळ्या आहेत. रात्री काढून वाटीत ठेवतात. दुकानात मास्क बसवला तेव्हा खुर्चीत बसले होते, आणि कवळ्या अर्थातच तोंडात होत्या.

आणि आज मी बाबांना सव्वातीनचं विचारलं. आधी टाळलं त्यांनी. "लावतो की परत," म्हणाले. मी लॅपटॉप पुढे ठेवला आणि ती कोरी जागा दाखवली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या पट्ट्यांचा चर्र आवाज होतो गं. तुझ्या आईला आधीच झोप लागत नाही. माझ्या घोरण्यानं तिनं तीस वर्षं काढली, आता ह्या आवाजानंही उठवू का तिला?"

आई दारात उभी होती. म्हणाली, "मी त्या वेळी जागीच असते. तुम्ही मास्क काढला की तुमचा श्वास थांबतो, तो परत सुरू होईपर्यंत मी मोजत असते."

पाच महिने दोघंही एकमेकांसाठी गप्प होते. आत्ता लिहितानाही मला भरून येतंय.

घणसोलीकर_आबा | रविवार, सकाळी ६.१५

मोगराताई, माझं पहिलं म्हणणं मी मागे घेतो. मी भावाचं उदाहरण दिलं होतं, पण तुमच्या घरी वेगळीच गोष्ट होती आणि ती कार्डाशिवाय कळली नसती.

नऊ वर्षांच्या वापरातून दोन गोष्टी सांगतो. बाबांना म्हणावं, रात्री उठताना मास्क काढायचाच नाही. मास्कच्या पुढच्या कोपऱ्याला जिथे नळी जोडलेली असते तिथून ती सुटते. बहुतेक फुल फेस मास्कना बाजूला दाबायची बटणं असतात. नळी सोडायची, मास्क तोंडावर तसाच ठेवून जाऊन यायचं, परत आडवं होऊन नळी टच्च लावायची. पट्ट्यांना हातच लागत नाही, चर्र आवाजाचा प्रश्नच नाही. स्मार्टस्टार्ट चालू असेल तर दोन-चार श्वास घेतले की मशीन आपलं आपण सुरू होतं, अंधारात बटण शोधावं लागत नाही. दिवसा तीन-चार वेळा डोळे मिटून सराव करायला लावा. मी तसाच केला होता.

दुसरं, कवळीचं. कवळी काढली की जबडा वर येतो, गाल आत जातात, चेहऱ्याची उंचीच कमी होते. मग मास्कची खालची कड हनुवटीवर टेकत नाही आणि हवा तिथून निघते. मास्क ज्या तोंडानं झोपायचं त्याच तोंडानं बसवायला हवा. माझा एक माप लहान लागला.

रातवा | रविवार, दुपारी १२.४०

आबांनी अनुभवातून नेमकं सांगितलं. दुकानात जाताना बाबांना कवळ्या काढायला लाजू देऊ नका, आडवं झोपवायला सांगा, आणि मशीन चालू प्रेशरवर असताना कूस बदलून बघा. पट्ट्या करकचून आवळणं हा लीकवरचा उपाय नाही, उलट मास्कची मऊ कड चेपून लीक वाढते.

माप बदलताना एक लक्षात ठेवा. काही मास्कना पट्ट्या अडकवायला चुंबकाच्या क्लिप असतात. वापरायला सोप्या आहेत, पण घालणाऱ्याला किंवा शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर असेल तर त्या टाळायच्या. तुमच्या आईचंही विचारा, बाबांचंच नाही.

डॉक्टरांकडे जाताना चार पानं पुरेत: एका रात्रीचं पूर्ण चित्र, लीकचे डोंगर दिसतील असं, चार रात्रींच्या वेळा, स्लीप स्टडीचा पूर्ण रिपोर्ट, आणि बाबा दिवसा कधी कधी पेंगतात त्याची यादी, रिक्षाची गोष्ट धरून. रात्री लघवीला उठणंही सांगा. ते वयानं किंवा प्रोस्टेटमुळे असू शकतं, पण ॲप्नियामुळेही होतं आणि उपचार नीट बसले की बऱ्याच जणांचं कमी होतं.

सायली_नेरूळ | रविवार, रात्री ८.३०

मोगरा, आईंचं वाक्य वाचून गलबलून आलं. वाचनखूण साठवली आहे हा धागा.

मोगरा_ठाणे | तीन आठवड्यांनंतर, गुरुवार, रात्री ९.०५

अपडेट द्यायचं राहिलं होतं.

मास्क बदलला, एक माप लहान. दुसऱ्या दुकानातून घेतला. तिथल्या मुलानं स्वतःहून बाबांना आडवं झोपवलं आणि कवळ्यांसाठी वाटी आणून दिली. आधीच्या विक्रेत्याकडे कार्ड मागितलं, मिळालं नाही. त्यात अजून शक्ती घालवायची नाही असं ठरवलं.

नळी सोडायचा सराव बाबांनी दोन दुपारी केला. पहिल्या रात्री जमलं नाही, पट्ट्याच ओढल्या. दुसऱ्या रात्रीपासून जमतंय.

काल डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चारही पानं टेबलावर पसरली आणि लीकच्या डोंगरावर पेननं गोल काढला. पूर्वीच्या गोषवाऱ्यात हे दिसत नव्हतं, असं त्यांनीच सांगितलं. प्रेशर आत्ता बदललं नाही. लीक बंद झाल्यावर खरा एएचआय किती ते एक महिना बघू, मग ठरवू, म्हणाले. कार्ड पुढच्या वेळी थेट घेऊन यायला सांगितलं. लघवीसाठी एक तपासणी लिहून दिली आहे.

गेल्या सात रात्रींची सरासरी: वापर ७.४ तास, लीक बहुतेक वेळ २४ च्या खाली, एएचआय ५.२. आकडा आधीपेक्षा वाढलाय, आबा, पण घाबरले नाही. आता त्यात पहाटेचे तासही आहेत.

कालच्या रात्रीचं पान आत्ता उघडलंय. ३.१४ ला रेघ तुटते. ३.१९ ला परत सुरू होते आणि ६.२६ पर्यंत सलग जाते. आईला दाखवलं. तिनं ती पाच मिनिटांची फट बोटानं मोजली आणि म्हणाली, "काल मी उठलेच नाही."